लेकीच्या घरचं

जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलवायचं ठरलं तेव्हा अयोध्या काहीच बोलली नाही. एरवी ईट गावातल्या त्या घरात पाहुणा यायचा म्हटलं की सगळ्यात आधी तिचीच जीभ सुटायची. काय करायचं, कोणी आणायचं, तुपाचा डबा कोणाच्या हातात द्यायचा नाही, सगळं तीच ठरवायची. या खेपेला सासूनं, प्रेमाबाईंनी, दोनदा विचारलं, "अयोध्या, पुरणाला डाळ किती टाकू गं?" तर म्हणाली, "तुमाला वाटंल तेवढी टाका, आत्याबाई." प्रेमाबाईंनी डाळ टाकली आणि एक उसासाही टाकला.

अधिक महिना तीन वर्षांनी येतो आणि जावयांचा भाव वाढवून जातो. पुरण भरलेले धोंडे, त्यावर तुपाची धार, तांब्याच्या ताटात दिवा ठेवून तेहतीस बत्ताशांचं वाण, आणि लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण म्हणून पाटावर बसवायचं. अयोध्येच्या सासऱ्यांना, धुळाप्पांना, लेक एकच, मंजुषा, त्यामुळं जावईही एकच. विरेश मूळचा उमरग्याचा. बँकेतला माणूस. मागच्या वर्षी बदली होऊन भूमच्या शाखेत आला. लेक जीपनं तासाभराच्या आत भेटेल अशी जवळ आली, तेव्हा धुळाप्पांनी मेंढरांनासुद्धा गूळ चारला, असं त्यांचा मुलगा, अयोध्येचा नवरा बालाजी, सांगायचा. बालाजीच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यावं, पण उरलेलं निम्मं खरं असतं.

रविवारी सकाळी पाहुणे यायचे होते आणि अयोध्या अजून खव्याच्या भट्टीवरच होती. दुधाला रविवार कळत नाही. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाभळीची लाकडं धडधडत होती. कढईतलं दूध आटत आलं होतं आणि ती लांब दांड्याचं उलथनं बुडाला घासत गोल फिरवत होती. हात थांबला की खवा खाली लागतो, करपट वास धरतो. धूर मात्र कोणाचं ऐकत नाही, तो थेट डोळ्यांत जातो. डॉक्टरनं तिला स्पष्ट सांगितलं होतं की अशीच आणखी काही वर्षं काढली तर डोळ्यांचं काही खरं नाही. म्हणून तिला मशीन हवं होतं, गॅसवर चालणारं, मोटरनं कढई फिरवणारं. आणि म्हणून तिनं भूमच्या बँकेत अर्ज केला होता, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या नावानं.

बालाजीनं दुधाचा कॅन आणून ठेवला आणि घाम पुसला. "रणधीर शेठ दुपारी येतो म्हणलाय. तूच फोन केलतास ना?"

"केलता."

"मग तोंड असं का करून बसलीस? घरी येऊन उचल देतोय बिचारा. कागद न्हाय, सही न्हाय."

रणधीर शेठ खव्याचा व्यापारी. माणूस वाईट नव्हता. अयोध्या बाळंतपणात अडली तेव्हा त्याचीच गाडी दारात आली होती, हे ती विसरली नव्हती. पण त्याची उचल अंगावर असेपर्यंत खवा त्यालाच घालायचा, तो म्हणेल त्या भावानं, आणि ती उचल कधी अंगावरून उतरायची नाही. गेल्या दिवाळीत पुण्याचा मिठाईवाला शेडपर्यंत आला होता, चांगला भाव देत होता. अयोध्येनं त्याला चहा पाजून रिकामा परत पाठवला. यंदा कुठं ती जुनी उचल फिटली होती. आज नवी घेतली की पुन्हा वर्षाची बांधणी.

"बँकेनं दिलं असतं तर म्या त्याला फोन केला असता व्हय?" ती म्हणाली. "दाजींनीच मोडला माझा अर्ज. सासरवाडीच्या चुलीला कर्ज दिलं म्हणून उद्या कुणी बोट दाखवंल, ही भीती. मग तसं तोंडावर सांगायचं की. मोबाईलवर नुसतं आलं, अर्ज बंद केला म्हणून."

"पाव्हणं तसं न्हायत गं."

"मग कसं हायत? तुमी इचारलं?"

बालाजीनं विचारलं नव्हतं. जावयाला असं काही विचारत नाहीत. त्या घरात बोलणं भरपूर व्हायचं, पण विचारणं फार कमी. त्यानं रिकामा कॅन उचलला आणि आला तसा गेला.

*

विरेशला सासरवाडीचं कौतुक आवडायचं आणि त्याची भीतीही वाटायची. मोटारसायकलवरून उतरल्याबरोबर पायांवर पाणी, हातात टॉवेल, ओसरीवर नवी चादर. पंचाहत्तरीकडं झुकलेला सासरा त्याच्यासमोर मान खाली घालून बसायचा, जणू बँकेचा साहेब तोच आणि कर्ज मागायला आलेले हे. 'मामा, आरामात बसा की,' असं त्यानं कितीदा तरी म्हटलं होतं. त्यावर धुळाप्पा आणखी अवघडून बसायचे.

आज त्याला स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं होतं. अयोध्या वहिनी म्हणजे या घरातलं हसणं. दर वेळी ताटात मुद्दाम एक धोंडा जास्त वाढून म्हणायची, 'खावा दाजी, बँकेत नुसतं मोजून मोजून वाळलाय.' आज तिनं धोंडे वाढले, तूप वाढलं, आमरसाची वाटी ठेवली आणि "घ्या" एवढंच म्हणाली. डोळे लाल होते. धुरानं असतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

त्याला कारण ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं तो समजत होता. अर्ज मागं घेतल्याचा संकोच असणार. वहिनींचा अर्ज आला तेव्हा नियमाप्रमाणं त्यानं लिहून दिलं होतं की हे माझे नातेवाईक आहेत, मी यात नाही. काम श्रीमंत साहेबांकडं गेलं. श्रीमंत नावाचा तो माणूस गरिबांच्या दारोदार फिरून कर्जाची पाहणी करायचा आणि त्याच्या नावावरून बँकेत रोज एक तरी विनोद व्हायचा. तो ईटला जाऊन आला आणि विरेशच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "तुमच्या सासरवाडीला नको आहे हो कर्ज. भट्टीच बंद करणार म्हणाले घरचे."

विरेशला वाईट वाटलं होतं. वहिनींनी मन बदललं तर एक फोन करायचा होता. पण जावयानं सासरवाडीत कशाला नाक खुपसायचं, असं म्हणून तो गप्प बसला. फक्त मंजुषाला म्हणाला, "तुझ्या वहिनींना नको असेल." आणि मंजुषा, जिनं नवऱ्याला आठवडाभर समजावून त्या अर्जाला राजी केलं होतं, तिच्या मनात ते वाक्य रुतून बसलं.

आत्ता जेवताना त्याला एकच गोष्ट कळत नव्हती. भट्टी बंद करणार होते, तर मघाशी घरामागून धूर कसला येत होता?

"पाव्हणं, आणिक एक," धुळाप्पा म्हणाले.

"बास मामा. पोट फुटंल."

"अधिकात न्हाय म्हणू नये," सासऱ्यानं सांगितलं आणि विरेशनं ताट पुढं केलं.

*

जेवणं झाली तशी मंजुषा उठली आणि मागं शेडमध्ये गेली. अयोध्या खाली बसून वाणाचं ताट लावत होती. बत्ताशांऐवजी तिनं पेढे केले होते, सकाळच्याच खव्याचे, एकसारखे वळलेले. राग असला तरी हात वाकडा जाऊ द्यायचा नाही, असा तिचा स्वभाव. मंजुषाला ते पेढे बघून भरून आलं आणि त्यामुळं ती जास्तच चिडली.

"वैनी, एक बोलू? तुमाला नको व्हतं तर आधी सांगायचं. मला किती ओशाळं झालं ह्यांच्यापुढं."

अयोध्येचा हात थांबला. "काय नको व्हतं?"

"कर्ज. आन काय."

"मला नको व्हतं?" अयोध्या उभी राहिली. "मंजुताई, म्या त्या कागदासाठी भूमला किती चकरा मारल्या ते तुमाला ठावं हाय. तुमच्याच घरी बसून भाकर खाल्ली. दाजींनी अर्ज मोडला, त्याचं खापर आता माझ्यावर?"

"ह्यांनी कशाला मोडावा? बँकेचा माणूस हितं येऊन गेला. घरच्यांनीच सांगितलं, भट्टी बंद करणार, कर्ज नको."

"कवा आलता माणूस?"

"मागल्या महिन्यात. आखाजीच्या आगं-मागं."

"तवा म्या बेंबळीला माहेरी व्हते," अयोध्या सावकाश म्हणाली. "भावाच्या घरी. तीन-चार दिस भट्टी थंडच व्हती."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. महिनाभराचा राग कोणाच्या नावावर टाकायचा ते आता कळेना. दाराशी प्रेमाबाई उभ्या होत्या, हातात दिव्यासाठी वळलेली वात. त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"मंजे, तिला बोलू नको," त्या म्हणाल्या. "तुझ्या आप्पांनी सांगितलं त्या साहेबाला. म्या ताक घेऊन उभी व्हते तिथंच."

"आई?"

"म्हणलं, आपण मधी पडू नये. माणूस आपला हाय. आन ही रोज धुरात डोळं चोळत बसायची, ते बी बघवत नव्हतं. महिनाभर माझ्या घशाखाली घास नीट उतरला न्हाय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मला मार, अयोध्या. पण त्यास्नी काय बोलू नको. त्येंच्या मनात वाईट न्हाय."

अयोध्येला रडू आलं नाही. तिला नुसतं थकल्यासारखं वाटलं, कढई उतरवल्यावर वाटतं तसं. मंजुषानं पुढं होऊन तिचा हात धरला आणि सोडला नाही. "चला," ती म्हणाली, "आता इचारूनच टाकू. ह्या घरात कुणी कुणाला काय इचारतच न्हाय."

*

धुळाप्पांनी तिघींना एकदम ओसरीवर येताना बघितलं आणि त्यांना समजलं. त्यांनी जन्मभर मेंढरं राखली होती. कळप एका बाजूला वळला की कारण असतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

अयोध्येनं पेढ्यांचं ताट पाटासमोर ठेवलं. दिवा अजून लावला नव्हता. "मामा," ती म्हणाली, "बँकेचा माणूस आला तवा भट्टी बंद हाय म्हणून तुमी सांगितलं?"

"व्हय," धुळाप्पा म्हणाले.

बालाजी तोंडात सुपारी टाकत होता, तो तसाच राहिला. विरेश ताठ बसला.

"का, मामा?"

"लेकीच्या घरचं घेत न्हायत, पोरी."

"कुणाच्या लेकीच्या?"

"मला एकच हाय." त्यांनी मान न उचलता जावयाकडं हात केला. "पाव्हणं ज्या बँकेत बसत्यात तिथलं पैसं म्हंजी पाव्हण्याचंच. उद्या तुझा हप्ता मागंपुढं झाला, तर बोलणी कोण खाणार? तू न्हाय. माझी मंजी खाणार."

विरेशला हसू आलं होतं, पण सासऱ्याचा चेहरा बघून ते विरलं. म्हातारा थट्टा करत नव्हता. त्याच्या लेखी भूमची ती बँक म्हणजे जावयाची कणगी होती.

"बहात्तरला तुमी कुणीच नव्हता," धुळाप्पा बोलू लागले. इतकं सलग ते सहसा बोलत नसत. "गावात दाणा नव्हता. माझा बाप आक्काच्या सासरी गेला आन एक पोतं जवारी घेऊन आला. म्याच बैलाच्या पाठीवर टाकून आणलं. आमी ती खाल्ली, जगलो. पण आक्काची सासू मरंस्तोवर ती जवारी काढायची. तिच्या ताटात भाकर टाकताना काढायची. तुझ्या बापानं आमचं खाल्लं, आता तू कमी खा, म्हणायची. आक्का वाळून वाळून गेली. म्या तवाच ठरवलं, लेक झाली तर तिच्या घरचा पाण्याचा थेंब घ्यायचा न्हाय. कुणाला बोलायला जागाच ठेवायची न्हाय."

प्रेमाबाईंना ही गोष्ट माहीत होती. बाकीच्यांनी ज्वारीचं पोतं ऐकलं होतं, ताटातली भाकर पहिल्यांदा ऐकली. अयोध्येच्या रागाला आता बसायला जागा राहिली नव्हती. पण मशीन तिला अजूनही हवं होतं आणि ते सोडायला ती तयार नव्हती. ती सासऱ्यासमोर खाली बसली.

"मामा, तरणेपणी तुमी सगळ्या गावाची मेंढरं राखायचा."

"राखायचो."

"ती तुमची व्हती?"

"माझी कशाला असतील? ज्याची त्याची व्हती. म्या राखणदार."

"मग दाजीबी राखणदारच हायत की. तिथला पैसा गावाचा हाय. मास्तरचा हाय, चपलाच्या दुकानवाल्याचा हाय, आत्याबाईंची पेन्शन तिथंच पडून हाय. त्यातलं म्या मागितलं. फुकट न्हाय मागितलं, खवा इकून फेडणार हाय." तिनं पाटासमोरचं ताट जरा सरळ केलं. "आन मामा, भट्टी माझी हाय. न्हाय म्हणायचंच व्हतं, तर आधी मला म्हणायचं. त्या परक्या माणसाला न्हाय."

धुळाप्पांनी डोळे मिटले. सुनेनं आवाज चढवला असता तर त्यांना सोपं गेलं असतं.

"मामा," विरेश मध्ये बोलला, "आणि मला तर त्या अर्जाला हातसुद्धा लावता येत नाही. नातलगाचं काम आपल्या हातानं करायचं नाही, असा बँकेचा नियमच आहे. म्हणून तर श्रीमंत साहेब आले. मी आलो असतो तर तुम्ही मला नुसतं ताक पाजून परत पाठवलं असतं."

धुळाप्पांनी डोळे उघडले. "म्हंजी तुमच्यातबी सोयऱ्याचं चालत न्हाय?"

"अजिबात नाही चालत. उठून बाजूला व्हावं लागतं."

म्हाताऱ्याला हे नवीन होतं. इतक्या मोठ्या काचेच्या बँकेत आपल्यासारखाच काहीतरी पाळणारी माणसं असतील, असं त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. त्यांनी जावयाकडं पहिल्यांदा सरळ, डोळ्याला डोळा देऊन बघितलं.

तेवढ्यात मंजुषा बोलली. तिला बोलायचं नव्हतं, पण आजचा दिवसच तसा निघाला होता.

"आप्पा, जवारीचं कळलं. पाण्याचं काय?"

"कसलं पाणी?"

"तुमी बाजारला येता तवा माझ्या घरी येता. पिशवीत बाटली घेऊन. च्या दिला तर म्हणता आत्ताच स्टँडवर घेतला. स्टँडवर तुमी कधी च्या घेत न्हाय, मला ठावं हाय." ती थांबली. "लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं चालत न्हाय म्हणत्यात. सहा वर्सं झाली आप्पा. मला वाटायचं, तुमी त्याच्यासाठीच बाटली आणता. माझी सासू मला आजवर वाकडं बोलली न्हाय. तुमची बाटलीच बोलती."

विरेशनं बायकोकडं बघितलं. हे तिनं त्यालाही कधी सांगितलं नव्हतं. धुळाप्पांची मान पुन्हा खाली गेली. तिला कोणी बोलू नये म्हणून ते ज्या वाटेनं चालले होते, ती वाट तिच्याच काळजावरून गेली होती, एवढं त्यांना कळलं आणि ते फार वाईट कळलं.

दारात गाडी थांबली. रणधीर शेठ आला होता, पांढराशुभ्र शर्ट, हसतमुख, हातात कापडी पिशवी. "राम राम आप्पा. अरे वा, जावईबापूंचं धोंडेजेवण दिसतंय. बरोबर मुहूर्तावर आलो की मी. वहिनी, हे घ्या तुमचं."

त्यानं पिशवी अयोध्येसमोर धरली. बालाजीनं घसा खाकरला. त्याला वाटत होतं की घ्यावी आणि प्रश्न मिटवावा. बँकेचं झालं तर झालं, हातचं कशाला सोडा. अयोध्येनं पिशवीकडं बघितलं आणि मग सासऱ्याकडं. हात पुढं केला नाही, मागंही घेतला नाही.

"शेठ, बसा," धुळाप्पा म्हणाले. "धोंडे खाऊन जावा. पण ते पिशवीत राहू द्या."

"का हो?"

"अधिक महिना हाय. अधिकात आमी नवा व्यवहार करत न्हाय."

शेठ गोंधळला. तीन वर्षांमागच्या अधिकात याच ओसरीवर त्यानं उचल दिली होती, पण देवाधर्माच्या गोष्टीला कोण हटकणार. "बरं, महिना सरल्यावर येतो."

"महिना सरल्यावर भाव ठरवायला या," अयोध्या म्हणाली. "खवा तुमालाबी देऊ. पण भाव दोघांनी ठरवायचा."

रणधीर शेठ व्यापारी होता. त्याला न सांगितलेलंही कळलं. तो क्षणभर ताटातल्या पेढ्यांकडं बघत राहिला. मग बसला, दोन धोंडे खाल्ले, तूप चांगलं आहे म्हणाला आणि पिशवी घेऊन गेला.

गाडी वळली. मग विरेश हळूच म्हणाला, "मामा, अधिकात नवा व्यवहार नाही, तर मग बँकेचं कसं करायचं?"

"ते नवं कुठाय?" धुळाप्पा म्हणाले. "ते मागल्याच महिन्यातलं हाय. म्याच मधी मोडलं. मोडलेलं जोडायला महिना लागत न्हाय."

पहिल्यांदा प्रेमाबाई हसल्या, मग बालाजी. अयोध्येनं दिवा लावला, आणि लक्ष्मी-नारायणाला ओवाळताना जावयाच्या हातावर एक पेढा जास्तीचा ठेवून म्हणाली, "खावा दाजी. बाजूला उठून उठून वाळलाय."

*

सोमवारी धुळाप्पांनी धुतलेला पटका बांधला आणि सुनेला घेऊन भूमच्या बँकेत गेले. काचेचं दार कसं ढकलायचं ते अयोध्येला माहीत होतं; ती पुढं झाली. विरेश आपल्या टेबलाशी होता. त्यानं त्यांना बघितलं, मान हलवली, आणि श्रीमंत साहेबांनी कपाटातून अयोध्येचे कागद काढले तसा तो उठून सरळ बाहेर गेला. बोलला नाही की थांबला नाही. धुळाप्पा त्याच्या पाठीकडं बघत राहिले. आपल्या जावयाचा त्यांना इतका अभिमान लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता.

"साहेब," ते म्हणाले, "म्या तुमाला खोटं सांगितलं. भट्टी चालू हाय."

श्रीमंत साहेबांनी चष्मा वर केला. "बाबा, त्या दिवशी तर थंड होती. राखसुद्धा थंड होती."

"ही माहेरी गेलती म्हणून. ही माझी सून, अयोध्या. भट्टी हिची हाय." मग त्यांना वाटलं, एवढ्यानं पुरलं नाही. "कामाला हिच्यासारखी बाई आमच्या गावात न्हाय. धुरानं डोळं गेलं तिचं, पण खवा कधी लागू दिला न्हाय."

अयोध्या खाली बघत राहिली. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यानं तिच्याबद्दल असं काही बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं, आणि तेही चारचौघांत.

बाकी सगळं जागेवर होतं, पाहणी तेवढी पुन्हा व्हायची होती. शेडची जागा धुळाप्पांच्या नावावर, म्हणून त्यांची संमती लागणार होती. त्यांनी सही केली, मोठी, कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. "गुरुवारी येतो," साहेब म्हणाले. "पेटलेली भट्टी दिसली की माझं काम झालं."

"धूर लांबनंच दिसंल, साहेब," अयोध्या म्हणाली.

"पुढच्या वर्षी दिसू नये, म्हणून तर चाललंय सगळं."

बँकेमागच्या गल्लीत मंजुषाची खोली होती. तिनं दार उघडलं, दोघांना बघून चटई टाकली. अयोध्येला म्हणाली, "झालं?" आणि अयोध्येनं मान हलवताच तिच्या गळ्यात पडली. पण वडिलांना तिनं पाणी विचारलं नाही. काल ओसरीवर जास्तच बोलून गेलो, असं तिला रात्रभर वाटत होतं, आणि सवयही होती. आप्पा बसतील, दोन शब्द बोलतील, पिशवीतली बाटली काढतील, हे तिला पाठ होतं.

धुळाप्पा बसले. पिशवी मांडीवर घेतली. तिच्यातून बाटलीचं निळं झाकण दिसत होतं. त्यांनी पिशवी उचलली आणि बाजूला, भिंतीशी नेऊन ठेवली.

"मंजे," ते म्हणाले, "तहान लागलीय."

ती आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. माठाचं झाकण वाजलं आणि मग काहीच वाजेना, तेव्हा अयोध्या उठायला लागली. धुळाप्पांनी हातानंच तिला बसवलं. मंजुषा आली तेव्हा तिच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या होता आणि डोळे पुसलेले होते.

धुळाप्पांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला. वरून, ओठ न लावता प्यायची त्यांची जुनी रीत. आज त्यांनी तोंड लावलं आणि न थांबता पीत राहिले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. तांब्या खाली ठेवून त्यांनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि लेकीकडं बघितलं.

"अजून हाय का?" त्यांनी विचारलं.